स्विफ्टला 'स्पोर्ट'चा बंपर: कोपऱ्यातली फट पुन्हा पुन्हा का उघडते?

गाडी २०१८ ते २०२४ या काळातली स्विफ्ट, आणि पुढे बसवलाय परदेशी 'स्विफ्ट स्पोर्ट'च्या धाटणीचा बंपर. गॅरेजमधून बाहेर पडताना सगळं चकाचक असतं. पंधरा दिवसांनी हेडलॅम्पच्या खाली, बंपर फेंडरला (पुढच्या चाकावरच्या पत्र्याला) टेकतो तिथे, करंगळीचं नख शिरेल एवढी फट दिसते. परत नेली की मिस्त्री कोपरा दाबून चाकाच्या कमानीत एक स्क्रू वाढवतो. महिनाभर बरं चालतं, मग फट पुन्हा उघडते, बहुतेक वेळा त्याच बाजूला. तिसऱ्या खेपेला स्क्रूच्या भोवती रंगाला बारीक तडे गेलेले असतात.

यात क्लिप कमी पडत नाही आणि स्क्रूही कमी पडत नाही. बंपर ही कोपऱ्यात ताणून बसवायची वस्तूच नाही. तो मधून आणि वरून टांगायचा असतो. कोपऱ्यांना फक्त वाट द्यायची असते आणि सरकायला थोडी जागा ठेवायची असते. कोपऱ्यात मारलेला प्रत्येक जादा स्क्रू पुढच्या फटीची तयारी करून ठेवतो.

आधी मापं. आपल्याकडची ही स्विफ्ट ३८४० मि.मी. (२०२१ पासून ३८४५) लांब आणि १७३५ मि.मी. रुंद आहे. जपानमध्ये सप्टेंबर २०१७ मध्ये आलेली स्पोर्ट, म्हणजे झेडसी३३एस, ३८९० मि.मी. लांब आहे, रुंदी आणि २४५० मि.मी.चा व्हीलबेस तेवढाच. रुंदी सारखी असल्यामुळे 'डायरेक्ट फिट' म्हणून हा बंपर सर्रास विकला जातो, आणि ते अगदीच खोटं नाही. पण स्पोर्टचं नाक पुढे काढलेलं आहे, खालची कड वेगळ्या जागी येते, आणि बाजारातले बहुतेक किट मूळ कंपनीचे नसून साच्यावरून साचा काढून केलेले असतात. गोंधळ साच्यातल्या दोन-तीन मिलिमीटरांच्या फरकातच होतो.

फट कधी उघडते ते आधी पकडा

फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, असेल तर उत्तम. नसेल तर जुनी एटीएम कार्डं घ्या. एक कार्ड ०.७६ मि.मी. जाडीचं असतं, म्हणजे चार कार्डं मिळून तीन मिलिमीटर. कार्डावरचे आकडे उठावाचे असतील तर कार्डाची सपाट कड वापरा. दोन्ही बाजूंना तीन जागी मोजा: हेडलॅम्पच्या खालचा कोपरा, उभ्या सांध्याचा मध्य आणि चाकाच्या कमानीची कड. फेंडरवर मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावरच किती कार्डं शिरली ते लिहा. एकदा सकाळी सातला मोजा, एकदा दुपारी तीनला गाडी उन्हात उभी असताना, आणि एकदा हायवेवरून फेरी मारून आल्याबरोबर.

सकाळी फट मोठी आणि दुपारी कमी, किंवा दुपारी दोन स्क्रूंच्या मध्ये बंपरला पोट सुटलेलं दिसत असेल, तर प्लॅस्टिकचं प्रसरण अडकलेलं आहे. दिवसभर आकडा तोच राहतो, पण स्पीडब्रेकर आणि खड्ड्यांचा आठवडा गेला की वाढतो, असं असेल तर साइड ब्रॅकेटची, म्हणजे फेंडरला बसवलेल्या आणि बंपरची कड धरणाऱ्या तुकड्याची, पकड गेलेली आहे. हायवेवरून आल्यावरच वाढलेला दिसला तर इंजिनाखालचं कव्हर तपासा. आणि एका बाजूला फट, दुसऱ्या बाजूला बंपर फेंडरवर घासतोय, शिवाय बोनेटची रेषाही ग्रिलला समांतर नाही, असं चित्र असेल तर नव्या बंपरला दोष देऊ नका. जुना बंपर पुन्हा टेकवून बघा. त्यालाही तीच तऱ्हा असेल तर फेंडर किंवा पुढची चौकट आधीच्या ठोकरीत सरकलेली आहे. ते डेंटिंगचं काम आहे. बंपर कितीही बदलले तरी ते सुटणार नाही.

स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर आतल्या लायनरला (चाकाच्या कमानीतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला) लागतो का, तेही एकदा पाहा. रुंद टायर घातलेल्या गाड्यांत टायर लायनरला ढकलतो आणि लायनर बंपरची कड बाहेर काढतो. रिव्हर्स घेताना 'खर्र' असा आवाज येत असेल तर शोध इथेच संपला.

ऊन आणि थंडी

नाशिकमध्ये जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली सहज जातो, निफाडकडे तर आणखी खाली. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या बंपरचा पृष्ठभाग साठ-पासष्ट अंशांवर पोचतो. म्हणजे पन्नास अंशांचा फरक. बंपरचं पॉलिप्रॉपिलीन (पीपी) प्लॅस्टिक, टाल्कची भुकटी मिसळलेलं धरलं तरी, दर मीटरला दर अंशाला ०.०८ मि.मी.च्या आसपास वाढतं. १७३५ मि.मी. रुंदीचा हिशोब केला तर जवळपास सात मिलिमीटर. त्याच रुंदीच्या पोलादाची वाढ जेमतेम एक मिलिमीटर. उरलेले सहा मिलिमीटर कुठेतरी जायला हवेत. दोन्ही बाजूंच्या हातांची, म्हणजे कोपऱ्यापासून चाकापर्यंत मागे येणाऱ्या भागाची, लांबी वेगळी. तो भाग मागे-पुढे दीड-दोन मिलिमीटर सरकतो.

कंपनीच्या फिटिंगमध्ये ही सोय केलेली असते. बंपरच्या कडेला आतून आडव्या खाचा असतात आणि त्या ब्रॅकेटच्या दातांवर सरकतात. मूळ बंपर काढून आतली कड बोटाने चाचपून पाहा: खाच दातापेक्षा रुंद असते आणि दाताच्या दोन्ही अंगांना थोडी जागा सोडलेली असते. हीच जागा गॅरेजमध्ये स्क्रू मारून बंद केली जाते. दुपारी उन्हात फुगलेला बंपर स्क्रूने जखडला, की थंडीच्या पहाटे तो आक्रसतो, खाचेला ओढ बसते आणि रोज थोडी खाच रुंदावत जाते. हिवाळ्यात जखडलेला असेल तर उन्हाळ्यात मागे सरकायला वाव नसतो आणि सांध्याला पोट सुटतं. थंडीत फट, उन्हात पोट, दोन्हींचं मूळ एकच.

म्हणून फिटिंग करताना बंपर आणि गाडी दोन्ही सावलीत, साधारण २५ ते ३० अंशांत असावीत. नाशिकच्या हवेत सकाळी दहाच्या सुमारास, शेडमध्ये. मे महिन्यात भर दुपारी रस्त्याकडेला उघड्यावर फिटिंग करायला गाडी देऊच नका.

ब्रॅकेट: खरी पकड इथे आहे

नवा बंपर आणला की पहिलं काम त्याची जुन्याशी तुलना. जमिनीवर घोंगडी किंवा जुनी चादर टाका आणि दोन्ही बंपर उलटे, शेजारी-शेजारी ठेवा. मध्यरेषा काढा: वरच्या कडेला दोन्ही टोकांपासून टेप लावून मध्य शोधा आणि मार्करने खूण करा. मग मध्यापासून प्रत्येक भोक, खाच आणि कोपरा मोजून लिहून काढा. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक भोक लांबट करून निभावतो. तीनच्या पुढे गेला तर ते भोक 'जुळवून' घेऊ नका. तिथे ब्रॅकेट बदलायला हवं.

नेहमीची चूक अशी की गाडीवरचे जुने साइड ब्रॅकेट तसेच ठेवतात. ते जुन्या बंपरच्या खाचांसाठी आहेत, आणि वर्षानुवर्षं ऊन खाऊन त्यांचे दात गोल झालेले असतात. ब्रॅकेट काढून नख फिरवा. दाताची कड नखाला टोचली तर ठीक. नख घसरून गेलं तर तो दात काही धरत नाहीये. ब्रॅकेट फेंडरला ज्या प्लॅस्टिकच्या नटांत बसतो ते नटही हमखास झिजलेले निघतात, आणि ते काही रुपयांचे असतात. सगळी दुरुस्ती करून हे नट जुनेच ठेवणं म्हणजे नव्या दाराला जुना बिजागर लावण्यासारखं आहे.

नव्या बंपरच्या खाचा जुन्या ब्रॅकेटच्या दातांशी उंचीत जुळत नसतील तर स्पोर्टचेच ब्रॅकेट मागवा. मिळाले नाहीत तर दुसरा मार्ग: १.२ मि.मी. सीआरसीए (कोल्ड रोल्ड पोलादी) पत्र्याची एल आकाराची पट्टी. अंबड आणि सातपूर एमआयडीसीतल्या शेडमध्ये अशी पट्टी बेंड करून, त्यात लांबट भोकं पाडून आणि पावडर कोट करून मिळते. पुठ्ठ्याचा नमुना कापून न्या, तोंडी माप सांगू नका. भोकं ६ मि.मी. उंच आणि १० मि.मी. लांब, लांबी आडवी ठेवा. पट्टी फेंडरच्या मूळ भोकांतच कसा, नवीन भोक पाडू नका.

फेंडरच्या कडेला सेल्फ स्क्रू मारणं तर पूर्णच टाळा. एक तर पत्र्यावरचा जस्ताचा थर फुटतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात त्या भोकाभोवती एका मोसमात गंजाची कड येते. दुसरं, स्क्रूच्या धारेपाशी प्लॅस्टिकला बारीक चीर पडते आणि ती चीर पुढे सरकत जाते. आधीच्या मिस्त्रीने मारले असतील तर ते काढा, भोक घासून झिंक प्रायमर लावा, रंगाचा टच-अप द्या आणि रबरी बूच बसवा.

गॅरेजमध्ये सांगायचं एवढंच: "भाऊ, कोपऱ्यात स्क्रू नको. आधी ब्रॅकेट काढून दाखवा." ब्रॅकेट न काढताच कोणी हातोडीच्या मुठीने कोपरा ठोकायला लागला, तर गाडी तशीच परत घेऊन जा.

हवेचा रेटा आणि खालचं कव्हर

ताशी १०० कि.मी. वेगाला समोरून येणारी हवा दर चौरस मीटरला ४५ किलोच्या आसपास रेटते. वेग १२० झाला की हा आकडा साठच्या पुढे जातो, कारण रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. स्पोर्टच्या बंपरला खाली मोठं तोंड आणि ओठ आहे. आत शिरलेल्या हवेला रेडिएटरमधून बाहेर पडायचं असतं. त्याऐवजी ती बंपरच्या पोकळीत साठली, की बंपर फुग्यासारखा बाहेर ढकलला जातो आणि सर्वांत कमकुवत जागा, म्हणजे कोपरा, उघडते. म्हणूनच शहरात महिनाभर ठीक असलेली गाडी समृद्धीवरून एक फेरी मारून आली की फट दाखवते.

याचं कारण सहसा खालचं कव्हर. जुनं कव्हर जुन्या बंपरच्या खालच्या कडेपर्यंत पोचतं. स्पोर्टची कड पुढे असल्यामुळे मध्ये मोकळी पट्टी राहते, आणि मिस्त्री कव्हर दोन केबल टायवर लटकवून देतो किंवा काढूनच टाकतो. त्या मोकळ्या जागेएवढी पट्टी बनवून घ्या: ३ मि.मी. जाडीची एचडीपीई किंवा पीपी शीट, दोन्हीकडे ३० मि.मी. ओव्हरलॅप धरून. दर १५० मि.मी. अंतरावर पुश क्लिप, भोक क्लिपच्या मापाचंच. पट्टी कुठल्या बाजूला यावी हे महत्त्वाचं आहे: पुढची पट्टी रस्त्याच्या बाजूला, मागचं जुनं कव्हर तिच्या वर, इंजिनाच्या बाजूला. कौलं जशी एकावर एक येतात तसं, पण हवेच्या दिशेने. उलट बसवलं तर हवा कडेत शिरते आणि पहिल्याच घाटात पट्टी फडफडायला लागते.

जुन्या बंपरमागे रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना असलेल्या एअर गाइडच्या पट्ट्या आणि फोम नव्या बंपरला बसत नाहीत म्हणून फेकून देऊ नका. कापून, चिकटवून, कसेही असोत, पण बसवा. ते नसले की हवा रेडिएटरला वळसा घालून जाते. मग मुंबई नाक्याच्या सिग्नलला एसी गरम हवा टाकतो आणि कसाऱ्यात चढताना तापमानाचा काटा वर सरकतो. पुढच्या मधपोळ्यासारख्या ग्रिलमागे बारीक जाळी लावायची हौसही याच कारणासाठी आवरा.

लोखंडी बीम कापू नका

बंपर मध्यात टेकत नाही म्हणून आतल्या लोखंडी बीमची टोकं ग्राइंडरने उडवण्याची सूचना येऊ शकते. ती मानू नका. धडकेचा भार चासीपर्यंत नेणारा हाच तुकडा आहे. बीम आणि त्यापुढचा फोम यांच्यात बदल झाला की एअरबॅगच्या सेन्सरला धक्का कसा पोचतो तेही बदलतं. बीम आड येत असेल तर बंपरचा साचाच चुकीचा आहे. तो बंपर परत करा.

बसवण्याचा क्रम

बंपर खोक्यातून काढल्यावर निदान एक दिवस मधोमध आधार देऊन मोकळा ठेवा. ट्रान्सपोर्टमध्ये दुमडून आलेले बंपर हात आत वळवून बसलेले असतात. वळण राहिलंच तर रंगवायच्या आधी हीट गन १५-२० सें.मी. लांब धरून, सतत हलवत, हात लावल्यावर चटका बसेल इतपतच तापवा. योग्य आकारात धरून पट्ट्याने बांधा आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नका. रंगवलेल्या बंपरवर हीट गन नको, तिथे गरम पाण्यात भिजवलेली फडकी पुरतात.

मग रंगाआधी एकदा कोरडी फिटिंग. हे पाऊल जवळपास सगळे गाळतात आणि नंतर तेच महागात पडतं. कच्चा बंपर गाडीवर पूर्ण बसवा, कार्डांनी मोजा, काय घासायचं, कापायचं, लांबवायचं ते करून टाका. रंगवलेल्या बंपरला रेती कागद लावायची वेळ यायलाच नको.

अंतिम फिटिंगला दोन माणसं हवीत. बोनेट उघडा, हेडलॅम्प जागेवर कसून घ्या. बंपर आधी वरच्या मधल्या क्लिपवर टांगा. मग दोन्ही बाजूंनी दोघांनी एकाच वेळी हात ब्रॅकेटच्या दातांवर सरळ मागे सरकवा. एक बाजू पूर्ण बसवून मग दुसरी ओढली की मध्यरेषा सरकते आणि तो फरक शेवटपर्यंत निघत नाही. दात बसल्याचा 'टक्' असा आवाज येतो. तो प्रत्येक दाताचा ऐकू यायला हवा. बोनेटच्या रेषेवर मध्य जुळला का बघा, मग वरच्या क्लिप मध्यातून बाहेर अशा क्रमाने दाबा. त्यानंतर खालचं कव्हर. चाकाच्या कमानीतले मूळ स्क्रू सगळ्यात शेवटी.

त्या शेवटच्या स्क्रूमध्ये खरी मेख आहे. मोठ्या वॉशरखाली बंपरच्या जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर लांब अशी नळी टाका, म्हणजे स्क्रू नळीवर कसला जाईल आणि प्लॅस्टिक मोकळं राहील. हाताने कसून वर पाव फेरा, बास. इम्पॅक्ट गन इथे वापरायचीच नाही.

बसल्यावर कोपरा अंगठ्याने दाबून सोडा. तो किंचित हलून परत जागेवर यायला हवा. दगडासारखा गच्च लागला तर जखडलाय असं समजा.

रंग का सोलतो

ही दुसरी नेहमीची तक्रार, आणि तिचा फटीशी संबंध आहे. रंगाच्या भट्टीत बंपर दोन खिळ्यांना लटकवून साठ-सत्तर अंशांवर भाजला, की तो स्वतःच्या वजनाने वाकडा होतो. गाडीवरची बाह्यरेषा देणाऱ्या स्टँडवर, निदान चार ठिकाणी आधार देऊन तो ठेवायला हवा. कोरडी फिटिंग चोख झाली, रंगानंतर मात्र बसेना, असं झालं तर संशय भट्टीवर घ्या.

रंग धरत नाही कारण पॉलिप्रॉपिलीनवर काहीच नीट चिकटत नाही. आतल्या बाजूला प्लॅस्टिकचं नाव कोरलेलं असतं: पीपी, पीपी-ईपीडीएम, किंवा एबीएस. खूण नसेल तर आतून एक बारीक कपची काढून पाण्यात टाका. तरंगली तर ते नक्की पीपी आहे. बुडाली म्हणून मात्र एबीएसच असं नाही, कारण जास्त टाल्क घातलेलं पीपीही बुडतं. शंका असेल तर पीपी धरूनच काम करा.

पद्धत अशी: साच्याला लावलेलं तेल काढायला साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. राखाडी स्क्रबरने सगळीकडे मंद होईपर्यंत घासा, विशेषतः खाचांच्या कडा, कारण सोलायची सुरुवात तिथूनच होते. पुन्हा पुसा. पाणी शिंपडा, थेंब गोळा न होता पत्र्यासारखं पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. मग पारदर्शक प्लॅस्टिक प्रायमर, अगदी पातळ. डब्यावर दिलेल्या वेळेतच पुढचा थर द्या, उशीर झाला तर त्याची पकड जाते. लॅकरमध्ये फ्लेक्स अॅडिटिव्ह (रंगाचा थर लवचीक ठेवणारं द्रव्य) घाला, प्रमाण डब्यावर असेल तेच. नेहमीची पत्र्याची पुट्टी बंपरवर चालत नाही. बंपर लवतो, पुट्टी लवत नाही. प्लॅस्टिकसाठीची लवचीक पुट्टी वेगळी मिळते.

तपासायला रंग पूर्ण वाळल्यावर, आठवड्याने, आतल्या न दिसणाऱ्या कडेवर चांगला टेप दाबून झटक्यात ओढा. टेपसोबत रंग आला तर संपूर्ण बंपर पुन्हा करावा लागेल. वरून एक थर मारून भागणार नाही.

फायबरचा बंपर असेल तर

फायबरचा बंपर आतून ओळखू येतो: काचेचे धागे दिसतात, जाडी कुठे दोन तर कुठे पाच मिलिमीटर, आणि टिचकी मारली तर टणटण वाजतो. त्यावर वरचं ऊन-थंडीचं गणित फारसं लागू होत नाही, कारण फायबर पीपीच्या मानाने खूप कमी वाढतो. त्याची फट बहुधा कच्च्या राळेमुळे येते. नीट न पिकलेला बंपर उन्हात हळूहळू बसतो आणि टोकं खाली झुकतात. त्याला दातांच्या खाचा नसतात, त्यामुळे बोल्ट अटळ. प्रत्येक बोल्टखाली दोन्ही बाजूंना रबरी वॉशर द्या, नाहीतर भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे येतात. खरं सांगायचं तर रोजच्या वापराच्या गाडीला फायबर घेऊच नये. सोसायटीच्या एका स्पीडब्रेकरवर तो फुटतो, पीपी मात्र लवून परत येतो.

मागचा बंपर

इथे फटीची तक्रार कमी. त्रास येतो तो डिफ्यूझर, म्हणजे बंपरचा नळीजवळचा खालचा भाग, वितळण्याचा. खऱ्या स्पोर्टला दोन्ही बाजूंना सायलेन्सरची टोकं आहेत, आपल्या गाडीला एकच नळी. किटमधली नकली टोकं बसवली तर खऱ्या नळीचा गरम झोत डिफ्यूझरच्या आतल्या बाजूवर येतो का ते पाहा. नळी आणि प्लॅस्टिक यांत निदान ३० मि.मी. हवा, आणि झोत बाहेरच पडायला हवा. मागच्या पार्किंग सेन्सरची भोकं जुन्या बंपरवरून उंची आणि कोन दोन्ही मोजून पाडा. सेन्सर जमिनीकडे झुकला की रस्त्यालाच अडथळा समजून सतत वाजत राहतो. सेन्सरच्या तोंडावर रंगाचे जाड थरही नकोत.

नंबर प्लेट, दिवे आणि कायदा

जपानी प्लेट ३३० × १६५ मि.मी. असते, आपली पुढची एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) ५०० × १२०. जपानी धाटणीच्या बंपरवरची खाच त्यामुळे आपल्या प्लेटला लागत नाही. प्लेट खाचेबाहेर येऊन हवेत फडफडते आणि तिचा हादरा थेट बंपरला जातो. मागे ५०० मि.मी. लांबीची सपाट प्लेट-बेस द्या आणि ती बंपरच्या जाड भागाला चार ठिकाणी कसा. प्लेट वाकवायची नाही, कापायची नाही. एचएसआरपीचे स्नॅप लॉक एकदा तोडले की पुन्हा लागत नाहीत, तेव्हा जुना बंपर काढायच्या आधीच नवे लॉक अधिकृत फिटिंग केंद्रातून कसे मिळतील ते विचारून ठेवा.

बंपरसोबत हेडलॅम्पही परदेशी घेणार असाल तर जपान आणि ब्रिटनचे चालतात, कारण तिथेही वाहनं डावीकडून जातात. युरोपातल्या इतर देशांचे, जिथे उजवीकडून जातात, त्यांचा प्रकाश उलट्या बाजूला वर उचललेला असतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. भिंतीपुढे गाडी उभी करून पाहा: आपल्याकडे प्रकाशाची रेषा डावीकडे चढायला हवी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे मांडला. कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्यामुळे काम सुरू करण्याआधी एमएच १५ च्या, म्हणजे नाशिकच्या, आरटीओत विचारून घ्या. गाडी स्पोर्टच्या पिवळ्या रंगात रंगवायची असेल तर रंगबदलाची नोंद आरसीवर करून घ्यावीच लागते. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी सर्व्हेअर पहिला प्रश्न बंपरचाच काढतो. मूळ बंपर विकून टाकू नका. ब्रॅकेट, फोम आणि क्लिपांसकट कोरड्या जागी, आडवा न ठेवता मधोमध टांगून ठेवा.

काम झाल्यावर पहिल्या ५०० कि.मी.नंतर कार्डांनी पुन्हा मोजा आणि फेंडरवरच्या जुन्या टेपशेजारी नवा आकडा लिहा. सकाळ-दुपारचा फरक एका कार्डाच्या आत आणि दोन्ही बाजूंना सारखा असेल तर टेप काढून टाका. एकाच बाजूला वाढत असेल तर त्या बाजूच्या ब्रॅकेटचे प्लॅस्टिक नट पुन्हा पाहा. बहुतेक वेळा त्यातला एखादा अर्धाच बसलेला निघतो.